यशाचं पान

आमच्या महाविद्यालयाचं वार्तापत्र वर्षातून दोनदा निघतं, एक दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एक मार्चमध्ये. सोळा पानं, पाचशे प्रती. गेली अकरा वर्षं ते मी काढते. माझी नेमणूक ग्रंथपालाची आहे, संपादकाची नाही. पण धुळ्यापासून तासाभरावरच्या आमच्यासारख्या लहान महाविद्यालयात असली कामं शेवटी ग्रंथालयातच येऊन पडतात.

दिवाळी अंकातला मजकूर ठरलेला असतो. जुलैचं वृक्षारोपण, 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, 24 सप्टेंबरचा एनएसएस दिन, विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवाच्या तालमी, गांधी जयंतीची स्वच्छता. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन अंक छापायला जातो तेव्हा व्हायचाच असतो, म्हणून ‘उत्साहात साजरा’ हे आधीच लिहून द्यावं लागतं. ते लिहिताना मला दर वर्षी टोचतं, तरी लिहिते.

आठव्या पानावर ‘प्राध्यापकांचे यश’ असतं. अंक हातात पडला की स्टाफरूममध्ये सगळे आधी हेच पान उघडतात. कुणाला पीएच.डी. मिळाली, कुणाचं पुस्तक आलं, कुणाचा शोधनिबंध छापून आला. बाहेरच्या माणसाला वाटेल, कौतुकाचं पान आहे. पण ते फाइलचं पान आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात, पदोन्नतीच्या प्रस्तावात, मुलाखतीच्या वेळी, सगळीकडे त्या पानाची झेरॉक्स लागते. आठव्या पानावर छापून आलं म्हणजे महाविद्यालयानं ते मानलं. म्हणून त्या पानावर कुणाचं नाव किती ओळींत आलं यावरून आमच्याकडे लोक महिना-महिना बोलत नाहीत.

मला लिहायचंय ते 10 ऑक्टोबरच्या शुक्रवारबद्दल. शनिवारी सकाळी मजकूर धुळ्याला छापखान्यात पोचवायचा होता. यशाच्या पानासाठी नऊ नोंदी आल्या होत्या आणि त्यातल्या आठ मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोकळ्या केल्या. नववी तिची होती.

ती प्राणिशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. तिसरं वर्ष. कायम प्राध्यापकाइतकेच तास घेते, त्यांच्यापेक्षा जास्त प्रॅक्टिकल्स घेते, आणि मानधन तासाच्या हिशोबानं, तेही सहा-सहा महिन्यांनी एकदम. जूनपासूनचं अजून यायचं होतं. घर शहाद्याकडे, इथे एका खोलीत राहते, संध्याकाळी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. ग्रंथालयात रोज येणाऱ्या प्राध्यापकांची मोजदाद केली तर हाताची बोटं उरतात, आणि त्यात ती पहिली.

तिचं काम मी दीड वर्षापासून बघत होते. गावाबाहेर एक जुनी जिन आहे, कापसातली सरकी वेगळी करायची गिरणी. बंद पडून बरीच वर्षं झाली. तिच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांचं बिऱ्हाड आहे. घुबड उंदीर आख्खा गिळतं. मांस पचतं, पण केस आणि हाडं पचत नाहीत. ती पोटात गोळा होऊन अंगठ्याएवढी गोळी बनते आणि घुबड ती तोंडावाटे टाकून देतं. ताजी असेल तर काळी, वर लकाकी असलेली, वाळली की राखाडी. या गोळ्या तिनं दर पंधरा दिवसांनी वेचल्या. दोनशेच्या वर.

एकदा तिनं मला प्रयोगशाळेत बोलावून एक गोळी सोडवून दाखवली होती. कोमट पाण्याच्या बशीत तासभर भिजवलेली. चिमट्यानं एकेक केसांचा पुंजका बाजूला सारत गेली आणि आतून नखाएवढ्या कवट्या निघाल्या, चार. पांढऱ्या, सगळे दात जागच्या जागी. ‘मॅडम, ही बघा,’ म्हणाली, ‘पुढच्या दातांनंतर मोकळी जागा आहे ना, हा उंदीर. आणि या कवटीत मधे फट नाही, बारीक टोकदार दात सलग आलेत, ही चिचुंदरी.’ मग उंदरांमध्येही दाढा पडल्यावर हिरडीच्या हाडात जी भोकं राहतात, त्यांवरून शेतातला उंदीर कोणता, घूस कोणती, ते ती भिंगाखाली बघून ठरवायची. प्रत्येक कवटी कापसावर ठेवून काडेपेटीत, काडेपेटीवर तारीख आणि क्रमांक. सगळ्याची नोंद तीन लांब वह्यांमध्ये, शाईच्या पेनानं, आखून. मी तीस वर्षं कॅटलॉग करतेय. अशी स्वच्छ नोंद माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणाची मी बघितली नाही.

तर तिची नोंद अशी होती: या अभ्यासावरचा शोधनिबंध, लेखक म्हणून पहिलं नाव विभागप्रमुखांचं, दुसरं तिचं, अमुक नियतकालिकात प्रसिद्ध. सोबत निबंधाची पीडीएफ आणि दोन रंगीत प्रमाणपत्रं, दोघांच्या नावाची वेगवेगळी, सोनेरी किनार, खाली शिक्का.

प्रमाणपत्र बघितल्याबरोबर माझा हात थांबला. चांगलं नियतकालिक लेखकाला प्रमाणपत्र देत नाही. त्याला गरजच नसते. निबंध छापून आला हेच प्रमाणपत्र.

इथे थोडं आमच्या कामाबद्दल सांगते, कारण हे बाहेर फारसं कुणाला माहीत नाही आणि मला ते माहीत असावं म्हणूनच मला पगार मिळतो. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना ‘प्रीडेटरी’ हे नाव पहिल्यांदा दिलं ते एका ग्रंथपालानं, अमेरिकेतल्या जेफ्री बिअलनं, 2010 च्या सुमारास. आपल्याकडे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मान्य नियतकालिकांची यादी केली, तीत इतकं तण शिरलं की मे 2018 मध्ये एका झटक्यात 4,305 नावं काढावी लागली. मग 2019 मध्ये यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली. ती फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली आणि आता चांगलं-वाईट ज्या-त्या संस्थेनं आपलं आपण ठरवायचं आहे. आमच्या संस्थेत याचा अर्थ एवढाच झाला की एक कार्यालयीन आदेश निघाला आणि त्यावर माझं नाव आलं.

केअर यादीचा एक दुष्परिणाम असा झाला की यादीतलं नाव मौल्यवान झालं, आणि मौल्यवान वस्तू चोरीला जाते. एखाद्या संस्थेचं जुनं, प्रामाणिक, छापील नियतकालिक यादीत असायचं. त्याची स्वतःची वेबसाइट नसायची. चोर त्याच नावानं वेबसाइट काढायचे, नियतकालिकाची ओळख असलेला तोच आयएसएसएन क्रमांक टाकायचे आणि पैसे गोळा करायला बसायचे. याला क्लोन म्हणतात. केअरच्या संकेतस्थळावर अशा क्लोनची वेगळी यादीच ठेवावी लागली होती.

आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक. त्याचा शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे आठ, सात, सहा असं दोनपर्यंत गुणायचं, बेरीज करायची, अकरानं भागायचं, बाकी अकरातून वजा करायची. ‘नेचर’चा क्रमांक 0028-0836. बेरीज 82 येते, बाकी 5, अकरातून गेले 5, उरले 6. शेवटचा अंक 6, म्हणजे क्रमांक बरोबर. हा हिशोब मी दर वर्षी बी.ए.च्या मुलांना फळ्यावर करून दाखवते. तिच्या निबंधावरच्या क्रमांकाचा हिशोबही जुळला. जुळणारच. चोरलेल्या क्रमांकाचा हिशोब बरोबरच असतो.

मग मी आयएसएसएनच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला. नाव तेच आलं, देश भारत. पण माध्यम: छापील. फक्त छापील. ऑनलाइन आवृत्तीला वेगळा क्रमांक घ्यावा लागतो आणि तो कुणी घेतलेलाच नव्हता. नोंदीत पुढे लिहिलं होतं, त्रैमासिक. आणि तिच्या पीडीएफच्या माथ्यावर होतं: खंड 41, अंक 9.

त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिले. त्रैमासिकाचे वर्षाला चार अंक निघतात. नववा अंक आला कुठून?

पुढचं सगळं भराभर उलगडत गेलं. संकेतस्थळाचा पत्ता नोंदवल्याची तारीख बघितली, अजून दोन वर्षंही झालेली नव्हती, आणि नियतकालिक चाळीस वर्षांचं. निबंधावर डीओआय, म्हणजे निबंधाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, छापला होता, तो शोधून काहीच उघडेना. संपादकाचा ईमेल कुठल्या संस्थेचा नव्हता, जीमेलचा होता. एकाच अंकात घुबडांच्या गोळ्या, जीएसटी, भक्तिकाव्य आणि शेअर बाजार, शंभराच्या वर निबंध. त्यांच्या अनुक्रमणिकेवरून बोट फिरवताना मला जे वाटलं ते सांगता येत नाही. प्रत्येक नावामागे कुठल्यातरी गावचं आमच्यासारखंच महाविद्यालय होतं, आणि त्या गावातही कुणीतरी पैसे भरले होते.

मूळ नियतकालिक काढणाऱ्या संस्थेचा पत्ता ग्रंथालयातल्या जुन्या अंकांवरून काढला. आमच्याकडे त्याचे 1990 च्या दशकातले अंक बांधून ठेवलेले आहेत. फोन लावला. एका वृद्ध गृहस्थांनी उचलला. मी नाव सांगितलं, कारण सांगायला लागले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

‘बाई, तुम्ही या आठवड्यातल्या चौथ्या,’ ते म्हणाले. ‘आमचं नावच चोरलंय हो त्यांनी. सायबरला तक्रार केली, दोन वेळा साइट बंद झाली, तिसऱ्या नावानं परत सुरू. खरा अंक आम्ही अजून टपालानं पाठवतो. यंदाचा दुसरा अंक परवा बाइंडिंगला गेला.’

मी विचारलं, निबंध खरा असेल, काम खरं असेल, तर तुम्ही घ्याल का? ते थोडं थांबून म्हणाले, ‘त्या साइटवर चढलेलं आम्ही छापलेलं मानत नाही. पण तिथून काढून घ्यायला सांगा त्यांना. आणि संपादक मंडळापुढे ठेवावं लागेल.’ ते काढून घेणं किती कठीण असतं हे मला ठाऊक होतं. ही मंडळी काढायचेही पैसे मागतात.

फोन ठेवला आणि तेव्हा मला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक आठवला. कपाटातून काढला. आठवं पान. त्याच नियतकालिकाच्या नावानं तीन नोंदी. तिन्ही मी तपासून, टिक करून छापल्या होत्या. तेव्हा केअर यादी चालू होती. नाव यादीत होतं, क्रमांक जुळत होता, मी नावाला नाव आणि आकड्याला आकडा लावला आणि पुढे गेले. अंक क्रमांक बघितलाच नव्हता. त्या तिघांपैकी एक विभागप्रमुख सर. त्यांच्या पदोन्नतीच्या फाइलला त्याच पानाची झेरॉक्स लागलेली, तिच्यावर साक्षांकनाची सही माझी.

मी प्राचार्यांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. निम्म्या जागा रिकाम्या असलेलं महाविद्यालय ते चालवतात, आणि नॅकची समिती येऊ घातलेली आहे. म्हणाले, ‘मॅडम, आपण पोलीस नाही. आपण वार्तापत्र काढतो. ती नोंद नको वाटत असेल तर वगळा. गेल्या वर्षीचं उकरू नका.’

‘सर, पण तिला काय सांगू?’

‘जागा पुरली नाही म्हणावं.’

हे मला जमलं नाही. कुणाला शिकवायचं म्हणून नाही, पण रोज समोर बसून वाचणाऱ्या मुलीला जागा पुरली नाही असं सांगणं माझ्या तोंडून निघालंच नसतं. मी दुपारी साडेतीनला तिला बोलावलं. विभागप्रमुख सरही आले, कारण त्यांना कुणीतरी आधीच कळवलं होतं. आमच्याकडे बातमी चालत नाही, धावते.

मी टेबलावर चार कागद मांडले. आयएसएसएनची नोंद, अंक 9 ची ओळ, संकेतस्थळाच्या नोंदणीची तारीख आणि डीओआय शोधल्यावर आलेला कोरा निकाल. सरांचा चेहरा पहिल्या कागदालाच उतरला. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, ‘मॅडम, सगळीकडे हेच चालतं. एजंट ओळखीचा होता, दहा निबंधांना सवलत देत होता. या पोरांचं भलं व्हावं म्हणून मीच सुचवलं.’ मला ते खोटं वाटलं नाही. पण पहिलं नाव त्यांचं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं आणि मी विचारलं नाही. ते अजून मनात आहे. सोमवारी पाठवलेला निबंध बुधवारी दोन तज्ज्ञांनी तपासून होतो आणि शुक्रवारी प्रमाणपत्र येतं, हे पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला खटकत नसेल, असं मी मानायला तयार नाही.

ती काही बोलत नव्हती. कागद एकेक उचलून वाचत होती, तिच्या वह्या वाचते तशीच, ओळीवर बोट ठेवून. मग तिनं मोबाइल काढून पैसे भरल्याची पावती दाखवली. साडेतीन हजार, एका व्यक्तीच्या नावावर. शिकवण्यांच्या पैशांतून भरले होते. मी विचारलं, सरांनी निम्मे? ती खाली बघत राहिली.

मग म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे हे माइनर्टझहागेनसारखं झालं. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी.’

सरांना संदर्भ लागला नाही. मला लागला, कारण ती गोष्ट तिनंच मला पहिल्या वर्षी सांगितली होती. रानपिंगळा हा छोटा घुबड 1884 नंतर कुणाला दिसला नव्हता. तो संपला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला परत सापडला, 113 वर्षांनी. मधल्या काळात लोक त्याला भलतीकडेच शोधत होते. कारण रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला आपण हा पक्षी मिळवल्याचं सांगितलं होतं. त्यानं दाखवलेला पक्षी खरा होता, पण तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसननं 1880 च्या दशकात आपल्या खानदेशातच मिळवलेला. माइनर्टझहागेननं पायाची चिठ्ठी बदलली, आपली लावली. त्या एका चिठ्ठीपायी लोकांनी चुकीचं रान तुडवलं. तिच्या गावापासून ती जागा फार लांब नाही. लहानपणी शाळेत ही बातमी ऐकली, म्हणून आपण प्राणिशास्त्र घेतलं, असं ती सांगायची.

मग ती हळूच म्हणाली, ‘मग त्या कवट्यांचं काय, मॅडम?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच वेळी नाना चहा घेऊन आले. नाना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. जिनच्या माळ्यावर चढताना शिडी धरायला तेच जायचे, दर पंधरवड्याला, रविवारची सुट्टी मोडून. खोलीतली शांतता बघून त्यांनी विचारलं, ‘काय व्हयनं ताई?’ मी थोडक्यात सांगितलं. क्लोन, आयएसएसएन, यातलं त्यांना किती कळलं माहीत नाही. कप टेबलावर ठेवता ठेवता ते एवढंच म्हणाले, ‘पन बठ्ठं खरं शे ताई. मी सोता देखेल शे.’ सगळं खरं आहे, मी स्वतः बघितलंय.

नानांच्या त्या वाक्यानं मला वाट सापडली असं मी म्हणेन. मी म्हटलं, नियतकालिकाचं नाव न घेता कामाचीच बातमी देऊ. यशाच्या पानावर नाही तर ‘परिसर वार्ता’ या पानावर: बंद जिनमधल्या घुबडांच्या दीड वर्षाच्या गोळ्या तपासल्या, दोनशेच्या वर, त्यातले बहुतेक शेतातले उंदीर निघाले, ज्या कामासाठी शेतकरी झिंक फॉस्फाईडचं विष आणतो ते काम हे बिऱ्हाड फुकट करतंय. आमच्या भागात याच्याइतकी उपयोगाची बातमी सोळा पानांत दुसरी नव्हती. सप्टेंबरच्या पावसानं ज्यांची बोंडं काळी पडली त्यांच्या घरातलीच पोरं आमच्याकडे शिकतात.

विभागप्रमुख म्हणाले, मग माझं नाव नको. आणि उठून गेले.

मी लिहायला घेतलं. पहिलीच ओळ लिहिली, जिनच्या जागेसकट, आणि तिनं माझा हात धरला. खरोखर धरला. ‘मॅडम, जागा नको. दहा दिवसांवर लक्ष्मीपूजन आहे.’

मला एका क्षणात घाम फुटला. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी देणारे, नखं आणि डोळे विकत घेणारे अजून आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, पण अमावास्येच्या रात्री जिनच्या माळ्यावर कायदा उभा नसतो. वार्तापत्राच्या पाचशे प्रती गावात घरोघर जातात. मी तिचं नाव राखायला निघाले होते आणि पत्त्यासकट घुबडं वाटून टाकत होते. आयुष्यभर प्रत्येक पुस्तकाचा पत्ता नीट लिहायची सवय. इथे तीच नडणार होती.

मग काढत काढत गेलो. जिन काढली. कपाशी काढली, कारण गावात बंद जिन एकच. ‘माळा’ काढला. ‘गव्हाणी घुबड’ काढून ‘निशाचर शिकारी पक्षी’ केलं, ते तिला रुचलं नाही, मलाही नाही, पण ठेवलं. शेवटी चार ओळी राहिल्या. प्राणिशास्त्र विभागातील प्राध्यापिकेनं निशाचर पक्ष्यांच्या आहाराचा दीड वर्ष अभ्यास केला, पिकांचं नुकसान करणाऱ्या उंदरांचं प्रमाण त्यात सर्वाधिक आढळलं, क्षेत्रकामात प्रयोगशाळा परिचरांचं साहाय्य लाभलं. तिचं नाव आलं. नानांचंही आलं. आमच्या वार्तापत्रात शिपाई-परिचरांपैकी कुणाचं नाव निवृत्तीच्या बातमीखेरीज यायची ही पहिलीच वेळ.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मजकूर गेला. यशाच्या पानावर आठ नोंदी.

‘परिसर वार्ता’तली ती बातमी वाचून मुलाखतीच्या मंडळातला कुणी तिला एक गुण देईल का? नाही देणार. त्यांच्या तक्त्यात ‘परिसर वार्ता’ असा रकानाच नाही. यशाच्या पानावर तिची नोंद मी छापली असती तर समितीनं कदाचित कधीच तपासलं नसतं, आणि जूनमधल्या मुलाखतीत तिला त्याचा उपयोग झाला असता, जसा इतरांना झाला. सरांचं ते म्हणणं, सगळीकडे हेच चालतं, मला रात्री अंथरुणावर परत परत ऐकू येतं. गेल्या वर्षीच्या तिघांना मी पुढे जाऊ दिलं आणि अडवलं कुणाला, तर ज्या मुलीचं काम त्या तिघांपेक्षा खरं होतं तिला. नियमाप्रमाणे मी बरोबर आहे. तिच्या बाजूनं बघितलं तर कसं आहे, ते मला अजून नीट मांडता येत नाही.

सोमवारी ती ग्रंथालयात आली. तिन्ही वह्या घेऊन. म्हणाली, ‘खोलीवर उंदीर झालेत, मॅडम. इथे ठेवता येतील?’

मी दाखल नोंदवही उघडली. ग्रंथालयात येणारी प्रत्येक गोष्ट आधी या वहीत चढते, तिला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक एकदा दिला की परत कुणाला देता येत नाही. खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, कुठून आलं. लेखकाच्या रकान्यात तिचं एकटीचं नाव लिहिलं. शीर्षक तिनं सांगितलं ते. प्रकाशकाच्या रकान्यात नुसती रेघ ओढली. पृष्ठं मोजली, तिन्ही मिळून 412. कुठून आलं: लेखिकेकडून भेट. मग प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का मारला आणि आत शाईनं क्रमांक घातला. ती शेजारी उभी राहून बघत होती. तिसऱ्या वहीला शिक्का मारताना म्हणाली, ‘मॅडम, जागेचं नाव आतल्या पानांवर आहे.’ म्हणून मी त्या वह्या उघड्या फडताळावर न लावता दुर्मीळ ग्रंथांच्या कुलूपबंद कपाटात ठेवल्या. किल्ली माझ्याकडे असते.

मूळ नियतकालिकाच्या संपादकांना तिनं स्वतः पत्र लिहिलं, टपालानं, सगळी हकिकत न लपवता. लेखक म्हणून तिचं नाव, आणि आभारात नानांचं. क्लोनवाल्यांना निबंध काढून टाकायला कळवलं, त्यांनी दोन हजार मागितले. ते द्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलंय.

गेल्या वर्षीच्या तीन नोंदींचं शुद्धिपत्रक मी टाइप करून ठेवलंय. अर्धं पान आहे. पहिल्या वाक्यात माझी चूक आहे, दुसऱ्यात नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक. प्राचार्य म्हणतात समिती जाऊ दे, मग मार्चच्या अंकात बघू. त्याच्या दोन प्रती काढल्यात. एक त्यांच्या टेबलावर दिली आहे, पोच घेऊन.